सुई, लंबक आणि हत्ती

जमिनीवर सारख्या अंतरावर समांतर रेघा आखाव्यात आणि एक सुई घेऊन ती त्यांच्यावर पुन्हापुन्हा टाकत राहावं. किती वेळा टाकली आणि त्यातल्या किती वेळा ती रेघेवर पडली, एवढं मोजलं की त्या दोन आकड्यांतून पाय काढता येतो. तोच पाय, जो आपण शाळेत वर्तुळाबरोबर शिकलो. सुई पडताना कोणत्याही दिशेला तोंड करून पडू शकते आणि सगळ्या दिशा एकत्र केल्या की वर्तुळ होतं. पाय तिथून आत शिरतो. अठराव्या शतकात बुफाँ या फ्रेंच विद्वानाने हा प्रश्न मांडला. गणितातल्या सर्वांत देखण्या प्रश्नांत मी तो अजूनही धरते.

१९०१ मध्ये मारिओ लाझारिनी या इटालियन गणितज्ञाने हा प्रयोग केल्याचं प्रसिद्ध केलं. सुई अडीच सेंटिमीटरची, रेघांमधलं अंतर तीन सेंटिमीटर. सुई टाकली ३,४०८ वेळा, रेघेवर पडली १,८०८ वेळा. त्यावरून पाय आला ३.१४१५९२९. खरा पाय ३.१४१५९२६ असा चालू होतो. सहा दशांश स्थळं बिनचूक!

वर्गात मी हे आकडे फळ्यावर लिहायचे आणि थांबायचे. थोडा वेळ कौतुकाची कुजबुज चालायची. मग कुणीतरी विचारायचं, "मॅडम, पण तीन हजार चारशे आठच का? साडेतीन हजार का नाही?" त्या प्रश्नाची मी वाट बघत असायचे.

या सुईसाठी सूत्र असं होतं: सुई जितक्या वेळा टाकली त्या संख्येला, रेघेवर जितक्या वेळा पडली त्या संख्येने भागा आणि पाच तृतीयांशाने गुणा. आता पायच्या अगदी जवळ जाणारा ३५५ छेद ११३ हा अपूर्णांक चीनमधल्या झू चोंगझी यांना पाचव्या शतकातच ठाऊक होता. तो या सूत्रातून हवा असेल तर सुई २१३ वेळा टाकून ११३ वेळा रेघेवर पडायला हवी. २१३ ला सोळाने गुणा: ३,४०८. ११३ ला सोळाने गुणा: १,८०८. दुसरा गुणाकार पुरा होईपर्यंत वर्गात हशा उसळलेला असायचा. सुई एकदा जरी जास्त रेघेवर पडली असती तर पाय ३.१३९९ आला असता, एकदा कमी पडली असती तर ३.१४३३. आणि इतक्या वेळा सुई टाकली की मोजणी वीस-तीसने इकडेतिकडे होणं अगदी साहजिक असतं. प्रामाणिकपणे सुई टाकणाऱ्याला ३.०९ मिळालं असतं किंवा ३.१९ मिळालं असतं, तरी त्यात नवल नव्हतं. लाझारिनींनी हे सगळं थट्टा म्हणूनच केलं असावं, असंही काही जण म्हणतात. मला ते पटतं. इतका नीट सोळाचा पाढा लपवणाऱ्या माणसाला तो कधीतरी सापडावा असंच वाटत असणार.

या हशाबद्दल मी बराच विचार केला आहे. मुलं चुकीच्या उत्तराला हसत नव्हती, कारण उत्तर बरोबर होतं. ते फार बरोबर होतं, याला ती हसत होती. निसर्गाला स्वतःची एक थरथर असते, मोजणाऱ्या हाताला आणखी एक असते, आणि ती दोन्ही जिथे अजिबात दिसत नाहीत तिथे कुणाची तरी बोटं फिरली आहेत हे माणसाला चटकन कळतं. ते कळल्याचं हसू असतं ते. आकड्यांच्या जुळवाजुळवीवर विज्ञानात जेवढे विनोद आहेत, ते मला म्हणूनच फार मोलाचे वाटतात. शास्त्रज्ञांच्या एका पिढीने पुढच्या पिढीला आपला मोह कसा असतो हे सांगण्याची ती एक रीत आहे, आणि उपदेशापेक्षा ती कितीतरी जास्त लक्षात राहते.

कधी मामला उलटाही होतो. एव्हरेस्टची उंची ठरली तेव्हाची एक गोष्ट सांगतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या गणनेत, ज्यात राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता, वेगवेगळ्या ठिकाणांवरून घेतलेल्या मापांची सरासरी अगदी नेमकी २९,००० फूट निघाली. पण एवढा गोल आकडा पाहून लोक म्हणतील की यांनी अंदाजे ठोकून दिलं आहे. म्हणून दोन फूट वाढवले आणि १८५६ मध्ये जगाला २९,००२ सांगितले. सांगोवांगीचा भाग किती ते असो, २९,००२ हा आकडा मात्र खरोखरच जाहीर झाला होता. खऱ्याला खरं दिसण्यासाठी खोटं व्हावं लागावं, हे ऐकून हसू येतं आणि त्या माणसांची दयाही येते. वर्षानुवर्षं डोंगरदऱ्यांत थिओडोलाइट वाहून नेऊन काढलेलं उत्तर, आणि ते प्रामाणिक वाटेल की नाही याची काळजी!

आता आपल्या प्रयोगशाळेत येऊ. महाराष्ट्रात विज्ञान शाखेला गेलेल्या कुणालाही साधा लंबक सांगायला नको. दोऱ्याला टांगलेला धातूचा गोळा, हातात स्टॉपवॉच, वीस आंदोलनांचा वेळ, त्यावरून गुरुत्व त्वरण. पुस्तकातलं उत्तर ९८०, काही पुस्तकांत ९८१. अनेक मुलं आधी जर्नलच्या शेवटी ९८० लिहितात, तिथून मागे येत दोलनकाल काढतात आणि मग तक्त्यात रीडिंग भरतात. आलेखाचंही तसंच, आधी रेघ आणि मग रेघेवर ठिपके. दोन-तीन ठिपके तेवढे रेघेच्या जरा वरखाली द्यायचे, म्हणजे शंका नको. रीडिंग 'कुक' करणं हा शब्द आमच्या प्रत्येक पिढीला माहीत आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी १८३० सालीच विज्ञानातल्या लबाड्यांची प्रतवारी लावली तेव्हा हेच स्वयंपाकघरातलं नाव वापरलं होतं. शंभर निरीक्षणांतली सोयीची तेवढी पंधरा-वीस वाढायची, असं त्यांनी त्या कृतीचं वर्णन केलं होतं.

एक मीटरच्या लंबकाला वीस आंदोलनांना चाळीस सेकंदांहून किंचित जास्त लागतात. बोटाने स्टॉपवॉच दाबताना पाव सेकंद इकडेतिकडे होतोच, आणि तेवढ्याने उत्तर बाराने हलतं. म्हणजे सगळ्या वर्गाने मन लावून मोजलं तर ९६८ ही येईल, ९९० ही येईल. सगळ्यांच्या जर्नलमध्ये ९८० येणं शक्यच नाही. पण खरी गोष्ट याच्याही पुढे आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, त्यामुळे गुरुत्व त्वरण सगळीकडे सारखं नसतं. लंडनला ते ९८१ च्या जवळ आहे. पुण्यात ते ९७८ च्या आसपास आहे. म्हणजे आमच्या मुलांनी इतकी वर्षं मागून पुढे गणितं करून पुण्याच्या जर्नलमध्ये दुसऱ्याच अक्षांशावरचं उत्तर आणून बसवलं, आणि तपासणाऱ्यांनी त्यावर बरोबरची खूण केली. वर्गातल्या सगळ्यांची खरी रीडिंग एकत्र करून सरासरी काढली असती तर लंबकाने ९७८ च्या बाजूला बोट दाखवायला सुरुवात केली असती.

मुलांना मी कधी लबाड म्हटलं नाही. उत्तरावर गुण ठेवले की मुलं उत्तर आणून देणार. दोष त्या गुणांच्या वाटणीत आहे, आणि हे मी शिक्षकांच्या बैठकीत जमेल तेवढ्या मोठ्याने सांगत आले.

९७८ ऐवजी ९८० यावं हे मोठमोठ्यांच्या बाबतीतही झालेलं आहे. ग्रेगोर मेंडेल यांचे वाटाण्याचे प्रयोग आपण सगळे शिकलो. ५,४७४ गोल दाणे आणि १,८५० सुरकुतलेले, जवळजवळ तीनास एक. १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी हे आकडे पुन्हा तपासले आणि ते अपेक्षेशी फारच छान जुळतात असं दाखवलं. त्यांच्या तपासातली एक जागा मला फार आवडते. शुद्ध आणि संकरित झाडं दोनास एक या प्रमाणात यायला हवीत, हे ताडण्यासाठी मेंडेल यांनी प्रत्येक झाडाच्या दहा बिया पेरल्या होत्या. दहाही रोपांत दबलेला गुण दिसला नाही तर झाड शुद्ध. पण संकरित झाडाच्या दहाच्या दहा रोपांत तो गुण योगायोगानेही लपून राहू शकतो. शंभरात पाच-सहा वेळा तसं होतं. म्हणून ६०० झाडांत संकरित म्हणून मोजली जायला हवीत सुमारे ३७७. मेंडेल यांची मोजणी ३९९ ची आहे. सिद्धान्ताच्या ४०० ला ती अगदी बिलगून आहे, आणि त्यांच्याच पद्धतीने जिथे यायला हवी होती तिथून मात्र दूर आहे.

फिशर यांनी मेंडेल यांना लबाड ठरवलं नाही. मालकाला काय हवं आहे हे ओळखणाऱ्या एखाद्या मदतनिसाचा हात असावा, असं त्यांनी सुचवलं. पुढे कुणी म्हणालं की मेंडेल यांनी दहापेक्षा जास्त बिया पेरल्या असतील, आणि तसं असेल तर सगळं सुरळीत होतं. वाद अजून मिटलेला नाही. मला त्या मदतनिसाचं चित्र फार खरं वाटतं. भर उन्हात वाफ्यात वाकलेला माणूस, हातात धड गोल नाही आणि धड सुरकुतलेलाही नाही असा एक दाणा, आणि आज गोल जरा कमी पडताहेत हे त्याला माहीत आहे.

जुळवलेल्या आकड्याखाली काय गाडलं जातं, ते बघायचं तर दोन माणसं शेजारी ठेवावी लागतात. पहिला झाँ रिशे. पॅरिसच्या अकादमीने त्याला १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला मंगळाची निरीक्षणं करायला पाठवलं. पॅरिसमध्ये बरोबर लावलेलं लंबकाचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. लंबक सव्वा लाइन, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर, आखूड करावा तेव्हा कुठे ते नीट चाले. परदेशात, विषुववृत्ताच्या उकाड्यात, वरिष्ठांच्या नजरेपासून दूर असलेला माणूस घड्याळ दुरुस्त करून गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. रिशे महिनोन्महिने तेच मोजत राहिला आणि आला तो आकडा लिहून परतला. पॅरिसमध्ये काहींना वाटलं की उष्णतेने लांबी वाढली असेल. पण त्या तीन मिलिमीटरमध्ये पृथ्वीचा फुगलेला मध्यभाग होता, आणि न्यूटन यांनी 'प्रिन्सिपिया'त तो ओळखला.

दुसरा माणूस न्यूटनच. त्याच 'प्रिन्सिपिया'त, ध्वनीच्या प्रकरणात. हवेचा दाब आणि घनता यांवरून त्यांनी ध्वनीचा वेग काढला तो सेकंदाला ९७९ फूट आला. प्रत्यक्षात विल्यम डेरहॅम यांनी तोफांचा लखलखाट दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजून ११४२ फूट काढला होता. तफावत मोठी होती. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत न्यूटन यांनी ती भरून काढली. हवेच्या कणांना स्वतःची जाडी आहे आणि त्या जाडीतून ध्वनी क्षणात पार होतो असं धरलं, तेव्हा वेग झाला १०८८. हवेत थोडी वाफ असते आणि ती ध्वनीच्या कंपनात भाग घेत नाही असं धरलं, तेव्हा बरोबर ११४२. एक फूट जास्त नाही, एक फूट कमी नाही. रिचर्ड वेस्टफॉल या इतिहासकाराने १९७३ मध्ये या जुळणीवर एक लेख लिहिला, तेव्हा त्या काळातल्या सर्वांत मोठ्या मेंदूने कशी ओढाताण केली होती ते सगळ्यांपुढे आलं.

मला न्यूटनबद्दल मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच ती पानं वाचताना जीव हळहळतो. ध्वनीची लाट जाताना हवा इतक्या झपाट्याने दाबली जाते की तिच्यातली उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही, म्हणून वेग वाढतो. हे लाप्लास यांनी १८१६ मध्ये सांगितलं. एका शतकाहून जास्त काळ तो शोध ९७९ आणि ११४२ यांच्यामधल्या मोकळ्या जागेत वाट बघत पडला होता, आणि ती जागा जाडी आणि वाफ यांनी लिंपून टाकली होती. प्रयोगशाळांमध्ये एक काल्पनिक स्थिरांक चालत आलेला आहे. आलेल्या उत्तरात तो मिळवला, त्यातून वजा केला, त्याने गुणलं किंवा भागलं की यायला हवं होतं ते उत्तर मिळतं. मुलं त्यावर पोट धरून हसतात. न्यूटन यांना तो स्थिरांक सापडला होता, एवढंच मी त्यांना सांगत असे.

विनोदाने प्रत्यक्ष कान पकडल्याचंही उदाहरण आहे. आर्थर एडिंग्टन हे थोर खगोलशास्त्रज्ञ. अणूच्या जगात एक शुद्ध संख्या वारंवार येते, तिला सूक्ष्मरचना स्थिरांक म्हणतात. तिचा व्यस्त अंक १३६ असायलाच हवा असं एडिंग्टन यांनी निव्वळ तर्काने मांडलं. प्रयोग १३७ कडे झुकू लागले, तेव्हा त्यांनी आणखी एक मिळवण्याचं कारण शोधलं आणि १३७ हेच उत्तर तर्काने येतं असं दाखवलं. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने त्यांच्या नावाचीच मोडतोड करून त्यांना 'सर आर्थर ॲडिंग-वन' केलं. हातचा एक वाढवणारे सर. आज मोजलेलं मूल्य १३७.०३६ आहे, तेव्हा एक वाढवूनही काम पुरं झालेलं नव्हतं.

१९३१ मध्ये केंब्रिजमध्ये असलेल्या तीन तरुणांनी, बेक, बेथे आणि रीत्सलर यांनी, 'नाटुरविसनशाफ्टन' या भारदस्त जर्मन नियतकालिकाला एक छोटं टिपण पाठवलं. त्यात गंभीर भाषेत सिद्ध केलं होतं की १३७ ची दुप्पट करून त्यातून एक वजा केला की २७३ येतात, आणि म्हणून निरपेक्ष शून्य तापमान उणे २७३ अंश असतं. संपादकांनी ते छापलं! वास्तविक २७३ हा आकडा निसर्गाचा नाहीच. पाणी गोठणं आणि उकळणं यांच्यात माणसाने शंभर भाग केले म्हणून तो तसा आहे; ऐंशी भाग केले असते तर तो वेगळा आला असता. खरं कळल्यावर संपादक रागावले आणि पुढे खुलासा छापावा लागला. बेथे यांना नंतर सूर्य कशाने तळपतो हे उलगडल्याबद्दल नोबेल मिळालं. एखाद्या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाला तुमची आकडेमोड ओढून ताणून आणलेली आहे असं तोंडावर सांगणं पंचविशीतल्या मुलाला अवघड असतं. तीच आकडेमोड त्यांच्याच सुरात करून दाखवली की सगळ्यांना दिसते.

आणि एनरिको फर्मी यांनी तर विनोदाने माणूस वाचवला. १९५३ मध्ये फ्रीमन डायसन कॉर्नेलहून शिकागोला बसने गेले, हातात आलेखांचा गठ्ठा घेऊन. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मेसॉनच्या विकिरणाचं लांबलचक गणित केलं होतं आणि ते फर्मी यांच्या प्रयोगातल्या मापांशी छान जुळत होतं. फर्मी यांनी आलेखांकडे जेमतेम नजर टाकली. गणितात मनाने ठरवता येतील असे किती आकडे वापरलेत, एवढं त्यांनी विचारलं. डायसन म्हणाले, चार. तेव्हा फर्मी यांनी आपला मित्र जॉन फॉन नॉयमन याचं म्हणणं सांगितलं, की चार आकडे मोकळे दिले तर तो हत्ती बसवून दाखवेल आणि पाचवा दिला तर हत्ती सोंडही हलवेल. भेट संपली. डायसन परत गेले आणि त्यांनी ते सगळं काम थांबवलं. तो सिद्धान्त पुढे चुकीचाच ठरला, आणि त्या एका भेटीने आपली आणि विद्यार्थ्यांची वर्षं वाचली असं डायसन पुढे कृतज्ञतेने लिहीत. एवढ्या मेहनतीचं गणित घेऊन आलेल्या तिशीच्या आतल्या माणसाला दुखावल्याशिवाय यापेक्षा नेमकं काही सांगता आलं असतं असं मला वाटत नाही.

फॉन नॉयमन यांचा तो हत्ती काढून बघायचा मोह पुढे अनेकांना झाला. २०१० मध्ये तीन संशोधकांनी तो 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये काढून दाखवला: चार आकड्यांत पाठ, पोट, पाय आणि सोंड, आणि पाचव्यात डोळा आणि सोंडेचं हलणं. ते आकडे संमिश्र आहेत, म्हणजे प्रत्येकात दोन साधे आकडे दडलेले असतात, आणि नुसत्या हत्तीला आठ लागले. त्यांनी ते लपवलेलं नाही. 'चार संमिश्र' हे शब्द लेखाच्या शीर्षकातच आहेत.